'मेतिस'ला मराठीत काय म्हणावं : बुद्धी, युक्ती की हिकमत?

प्रश्न असा आला होता : प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' आणि 'ओडिसी' या महाकाव्यांबद्दल वाचताना 'मेतिस' आणि 'बिए' हे ग्रीक शब्द वारंवार जोडीने भेटतात. त्यांना बुद्धी आणि शक्ती म्हटलं तर चालेल का? आणि या काव्यांच्या नायकांपैकी ओडिसियस म्हणजे बुद्धी, अकिलीज म्हणजे शक्ती असं धरून 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' ही आपली म्हण इथे लावता येईल का?

'बिए'ची फारशी अडचण नाही. बिए म्हणजे बळ, आणि प्रसंगी बळजबरी. महाबली वीर हेराक्लीज आला असं सांगायचं तर होमर 'हेराक्लीजचं बळ आलं' असंही म्हणतो, तिथे हाच शब्द आहे. ओडिसियसच्या घरात ठाण मांडून बसलेल्या, त्याच्या बायकोला पेनेलोपीला मागणी घालणाऱ्या मागणीदारांच्या अरेरावीलाही तोच. 'शक्ती'ला आपल्याकडे देवीपासून विजेपर्यंत फार अर्थ चिकटले आहेत, तेव्हा साधं 'बळ'च बरं.

'मेतिस'ला मात्र 'बुद्धी' म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. मन, समज, विचार यांसाठी होमरकडे 'नोओस' हा वेगळा शब्द आहे. मेतिस कशाला म्हणतात ते इलियडच्या तेविसाव्या सर्गात स्वच्छ दिसतं. जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या अंत्यसंस्कारानंतर अकिलीज खेळ भरवतो. रथांच्या शर्यतीत म्हाताऱ्या नेस्टरचा मुलगा अँटिलोकस उतरतो. त्याचे घोडे संथ. बाप त्याला सांगतो की लाकूडतोड्या सरस ठरतो तो बळाने नव्हे, मेतिसने. वाऱ्याने हेलकावणारं जहाज सुकाणूवाला सरळ नेतो तेही मेतिसने, आणि सारथी दुसऱ्या सारथ्याला मागे टाकतो तोही मेतिसनेच. मग तो थेट कामाचं बोलतो. वळणावर एक वाळका ओंडका उभा आहे, दोन्ही अंगांना दोन पांढरे दगड आहेत. उजव्या घोड्याला पराणी लावून लगाम सैल सोड, डावा घोडा ओंडक्याला लगटून जाऊ दे, चाक आता घासणार असं वाटलं पाहिजे, पण दगडाला लागता कामा नये.

लाकूडतोड्या, सुकाणूवाला, सारथी : या यादीत पंडित कोणीच नाही. हाताशी जे आहे ते नेमक्या क्षणी, नेमक्या जागी लावायचं कसब म्हणजे मेतिस. 'युक्ती' जवळ येते, पण युक्ती एका वेळेपुरती सुचते. मेतिस माणसाच्या अंगात मुरलेली असते. म्हणून मला 'हिकमत' सर्वांत जवळची वाटते. ओडिसियसचं नेहमीचं विशेषण 'पोलुमेतिस' आहे, त्याला 'नाना हिकमतींचा' म्हटलं की तो माणूस डोळ्यांपुढे येतो. हेच विशेषण इलियडमध्ये एकदा हेफाइस्टोसलाही लावलेलं आहे, आणि तो तर लंगडा लोहारदेव.

शर्यतीत पुढे जे होतं ते अर्थाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. पावसाच्या पाण्याने रस्ता खचून अरुंद झालेल्या जागी अँटिलोकस आपला रथ दुसरा स्पर्धक मेनेलॉसच्या रथाला भिडवतो. टक्कर होईल म्हणून मेनेलॉस ओरडतो आणि घोडे आवरतो. शर्यत संपल्यावर तो भर सभेत म्हणतो, माझा रथ मुद्दाम 'दोलोस'ने अडवला नाहीस अशी पोसायडन देवाची शपथ घे. दोलोस म्हणजे कपट, कावा. मासे पकडायच्या आमिषालाही ओडिसीत हाच शब्द येतो. अँटिलोकस शपथ घेत नाही. जिंकलेली घोडी देऊ करत तो म्हणतो, तरुणाचं मन उतावळं असतं आणि मेतिस तोकडी. म्हणजे बापाने शिकवली ती मेतिस आणि हरणाऱ्याला दिसला तो दोलोस. सीमारेषा इतकी पातळ आहे, म्हणून भाषांतरात हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

आता दुसरा प्रश्न. अकिलीज स्वतःच सांगतो की रणात माझ्या तोडीचा कोणी नाही, सभेत मात्र माझ्याहून सरस लोक आहेत. 'मनात एक, ओठांवर दुसरं' अशा माणसाचा आपल्याला नरकद्वारासारखा तिटकारा आहे, हेही तो ओडिसियसच्याच तोंडावर बोलतो. इथपर्यंत वाटणी पटते. पण ओडिसियस दुबळा नाही हे विसरता येत नाही. त्याच खेळांत धिप्पाड अजॅक्सशी त्याची कुस्ती बरोबरीत सुटते. अजॅक्स उचलायला येतो तेव्हा तो त्याच्या गुडघ्यामागे लाथ हाणून त्याला पाडतो, आणि होमर तिथे 'दोलोस' विसरला नाही असं आवर्जून नोंदवतो. मागणीदारांना वाकवताही न आलेल्या धनुष्याला तो बसल्या जागी प्रत्यंचा चढवतो.

म्हणून म्हण अर्धीच लागू पडते. पॉलिफेमसच्या गुहेत रात्री तलवार काढून त्या एकाक्ष राक्षसाला मारायचं ओडिसियसच्या मनात येतं, पण तो थांबतो. दाराशी बावीस चारचाकी गाड्यांनाही हलणार नाही अशी शिळा आहे. ती सरकवायला त्या राक्षसाचंच बळ हवं. त्याला जिवंत ठेवून फक्त आंधळा करायचा, ही खरी हिकमत. 'माझं नाव कोणीनाही' ही थाप त्यानंतरची : आंधळा झालेला राक्षस 'कोणीनाही मला मारतोय' असं ओरडतो, म्हणून शेजारी मदतीला न येता परत जातात. तिच्यातली खुबी मराठीत उतरत नाही : 'कोणीनाही'साठी ग्रीकमध्ये 'ऊ तिस', पण शेजारचे राक्षस जर-तरच्या वाक्यात बोलतात तेव्हा त्याचं 'मे तिस' होतं, आणि ते कानाला जवळजवळ 'मेतिस'सारखंच लागतं. आपल्या नावाने आणि मेतिसने सगळे फसले म्हणून ओडिसियस लगेच मनातल्या मनात हसतो. भाषांतर करणाऱ्याने इथे सरळ तळटीप द्यावी. ओढूनताणून मराठी श्लेष बसवायला गेलं की ना नाव धड राहतं, ना हिकमत.