शंका-समाधान : वेलस्ली, वेलिंग्टन आणि झरा

प्रश्न : पुण्यातल्या संगम पुलाचं जुनं नाव वेलस्ली पूल. हा ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. दोन्ही नावांतलं ‘वेल’ म्हणजे विहीरच का?
– एक वाचक, शिवाजीनगर

उत्तर : पहिल्यात पाणी आहे, पण ते विहिरीचं नव्हे, झऱ्याचं. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेल्स हे गाव तिथल्या झऱ्यांवरून ओळखलं जातं. त्याला लागून वेलस्ली. शेवटचा ‘ली’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘लेआह’, रान तोडून मोकळी केलेली जागा. तिथलं घराणं मध्ययुगात आयर्लंडला गेलं आणि गावाचं नाव आडनाव झालं. नगरकर नगरातच राहिला तर त्याला नगरकर कोण म्हणणार? फक्त इंग्रजीत ‘कर’ लागत नाही, म्हणून अशी आडनावं चटकन ओळखू येत नाहीत.

रक्ताच्या नात्यानं मात्र आर्थर कॉली. आजोबा रिचर्ड कॉली यांना १७२८ मध्ये वेस्ली आडनावाच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली, तेव्हा त्यांनी आडनावही घेतलं. हे वेस्ली म्हणजे वेलस्लीचंच झिजलेलं रूप. १७९८ च्या सुमारास आर्थर पुन्हा पूर्ण ‘वेलस्ली’ लिहू लागला. इतर वेस्ली घराण्यांत मात्र त्याच नावाचा अर्थ बहुधा ‘पश्चिमेकडची मोकळी जागा’ असतो. आडनाव एकच असलं तरी उगम एक असेलच असं नाही, तो घराण्यागणिक तपासावा लागतो.

वेलिंग्टनही सॉमरसेटमध्येच आहे. १८०९ मध्ये किताब ठरवायचा होता, आर्थर युद्धावर होता, म्हणून भाऊ विल्यमनं वेलस्लीशी जुळणारं हे नाव निवडलं. नातं ध्वनीपुरतंच. दहाव्या शतकात हे गाव ‘वेओलिंगटुन’ असं लिहिलेलं सापडतं. ‘टुन’ म्हणजे वाडी, आणि वेओला हे बहुधा माणसाचं नाव. झऱ्याचा इथे संबंध नाही.

म्हणून आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावू नये. आधी सर्वांत जुनी नोंद पाहावी, बऱ्याच गावांसाठी ती १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडमधल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीच्या दप्तरात मिळते. मग शेवटचा तुकडा सोडवावा : टन, हॅम, ली. सुरुवातीचा तुकडा सर्वांत शेवटी, कारण तोच जास्त फसवतो.

प्रश्न : फर्ग्युसन कॉलेजच्या इंग्रजी नावात दोन ‘एस’ का?

उत्तर : एक फर्गसचा, दुसरा ‘सन’चा, म्हणजे फर्गसचा मुलगा. बऱ्याच घराण्यांनी त्यातला एक गाळला. १८८० ते ८५ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या आणि कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या घराण्यानं दोन्ही ठेवले. नाव इंग्लिश नव्हे, स्कॉटिश आहे.