टाके काढल्यानंतर व्रणाच्या टोकांना राहिलेला कातडीचा फुगवटा

ताई, वडिलांच्या पाठीवरची सिस्ट, म्हणजे कातडीखालची पिशवीसारखी गाठ, काढून दीड महिना झाला आहे, व्रणाच्या दोन्ही टोकांना कातडी फुगलेली दिसते आणि गाठ पुन्हा आली असावी या भीतीने ती लगेच कापून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे अंबाजोगाईत शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते. हा फुगवटा टाके घातल्या दिवसापासून असेल, मऊ, न दुखणारा आणि आसपासच्या कातडीच्याच रंगाचा असेल, तर बहुधा ती उरलेली कातडी आहे. डॉक्टर त्याला ‘डॉग इअर’ म्हणतात.

सिस्टबरोबर वरची थोडी कातडीही काढावी लागते, आणि शिवणकामात कमी-जास्त लांबीचे काठ जुळवताना टोकाला जशी चुणी पडते, तशीच ती इथेही पडते. ती टाळण्यासाठी छेद साधारणपणे रुंदीच्या तिप्पट लांब आणि टोकाशी सुमारे ३० अंशांचा ठेवतात. परंतु व्रण आखूड राहावा म्हणून छेद लहान घेतला, तर टोकाला थोडी कातडी उरते. याला निष्काळजीपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की आत्ता कापण्याची घाई करू नये. व्रण वर्षभर बदलत राहतो आणि लहान फुगवटे पुष्कळदा आपोआप बसतात, म्हणून किमान सहा महिने थांबावे. जखम पूर्ण भरलेली असल्यास खोबरेल तेल लावून दिवसातून दोन वेळा हलक्या दाबाने चोळावे. त्याने व्रण मऊ होतो, मात्र मोठा फुगवटा केवळ चोळण्याने जाणार नाही. व्रण सपाट व्हावा म्हणून त्यावर चिकटवायची सिलिकॉनची पट्टी वापरणार असाल तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिच्याखाली घाम साचून घामोळे येते, तेव्हा ती रोज काढून कातडी धुऊन कोरडी करावी. वडील शेतात काम करत असतील तर सोयाबीनची पोती इतक्यात उचलू देऊ नका, कारण तीन महिन्यांनंतरही व्रणाची ताकद मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्केच असते आणि पाठीवरचा व्रण ताणाने रुंदावतो.

फुगवटा राहिलाच, तर जागा बधिर करून ती जादा कातडी त्रिकोणी आकारात काढता येते, पण त्यामुळे व्रण तेवढाच लांबतो. पाठीवर, कपड्याखाली, न खुपणाऱ्या फुगवट्यासाठी हा सौदा मला पटत नाही. पट्ट्याला किंवा खाटेला घासून त्रास होत असेल, तर गोष्ट वेगळी.

मात्र लाली, ऊब, पू, ताप किंवा बाहेर डोकावणारा धागा दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे, आणि मधुमेह असेल तर अधिकच तत्परतेने. कातडीखाली गोल, घट्ट, वाढणारी गाठ लागली तर सिस्ट परत आल्याची शक्यता तपासावी लागते. व्रणाच्या कडेबाहेर पसरणारा, कडक, खाजणारा उंचवटा केलॉइडचा असू शकतो आणि तो नुसता कापला तर अनेकदा अधिक मोठा होऊन परततो. काढलेली गाठ तपासणीला पाठवली होती का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहून तिचा अहवाल मागून घ्यावा.