डोक्याचा घेर: घरी 59, केसपेपरवर 57. खरा आकडा कोणता?

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. वय 38, उंची 152 सेंमी, थायरॉईडला दोन-तीन गाठी, आईला चव्वेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग. डोक्याचा घेर घरच्या टेपने 59 सेंमी, तर केसपेपरवर 57. तुम्ही विचारताय, एवढ्या दोन सेंटीमीटरने काय बिघडतं? तुमच्या बाबतीत सगळं त्या दोन सेंटीमीटरवरच अडलंय. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या तज्ज्ञांचाच. पण हे सगळं घरात भोगून झालंय.

प्रौढ बाईचं डोकं 58 सेंमी किंवा जास्त आणि पुरुषाचं 60 किंवा जास्त असेल, तर पीटेन (PTEN) या जनुकातल्या दोषाचा विचार करताना ते एक मोठं लक्षण धरतात. या दोषात थायरॉईड, स्तन, गर्भाशयाचं अस्तर, मूत्रपिंड आणि मोठं आतडं यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. नुसतं डोकं मोठं असणं हा आजार नव्हे. बहुतेक मोठी डोकी घराण्यातून आलेली असतात आणि निरुपद्रवी असतात. उंच माणसाचं डोकंही थोडं मोठंच भरतं. पण 152 उंचीला 59, त्यात थायरॉईडच्या गाठी आणि आईचा इतिहास, हे 'असतं काहींचं' म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

आमच्याकडे घोटाळा झाला तो मोजण्यातच. ओपीडीत टेप पुढे कपाळावर केसांच्या रेषेपाशी आणि मागे थेट मानेच्या खाचेत. अशाने घेर कमी भरतो. आकडा आला 56.5, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तोच उतरवला गेला. पुन्हा टेप लावायला कुणी तयार नव्हतं. 'कागदावर लिहिलंय ना' एवढंच उत्तर. जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी त्या एका आकड्यापायी चौदा महिने अडली. नीट मोजल्यावर घेर 58.8 निघाला. वेळ गेला, त्याची चीड आजही येते.

आता मोजायचं कसं. केस पूर्ण मोकळे सोडा. वेणी, अंबाडा, क्लिप, गजरा काही नको. मागे वेणीवरून टेप गेला तर घेर सहज सेंटीमीटरभर वाढतो, तुमचे 59 असे आले नाहीत ना ते आधी बघा. शिवणकामाचा कापडी टेप वापरून वापरून ताणतो, म्हणून तो आधी स्टीलच्या पट्टीला लावून तपासा. काही टेपना पितळी टोकापाशी शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते, तिथेही चूक होते. न ताणणारा फायबरग्लासचा अरुंद टेप सगळ्यांत बरा. तो नसेल तर कागदाची लांब पट्टी गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे पेनाने खूण करा आणि ती पट्टी स्टीलच्या पट्टीवर मोजा.

मोजायला दुसरं माणूस हवंच, स्वतःचं स्वतः जमत नाही. टेप पुढे भुवयांच्या जरा वर, बाजूला कानांच्या वरून, कान टेपखाली दबू द्यायचे नाहीत. मागे बोटांनी चाचपून डोक्याचा सगळ्यात बाहेर आलेला भाग शोधा आणि टेप तिथून न्या. केस दबतील इतका घट्ट धरा. मग मागचा भाग किंचित वर-खाली सरकवून सर्वांत मोठा येईल तो आकडा मिलिमीटरपर्यंत लिहा. टेप काढून पुन्हा लावायचा, असं तीन वेळा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा.

हेल्मेटवरचा 580 किंवा 600 मिमीचा आकडा पुरावा म्हणून दाखवू नका. आतल्या फोममुळे त्याचा काही भरवसा नाही.

घेर खरंच 58 किंवा जास्त भरला, तर सरळ जेनेटिक काउन्सेलिंग मागा. डोकं मोठं म्हणून आधी एमआरआयच्या मागे लागू नका. जाताना आईचे रिपोर्ट, थायरॉईडची सोनोग्राफी आणि स्वतःचं निरीक्षण न्या: हिरड्यांवर किंवा जिभेवर बारीक पुटकुळ्या, चेहऱ्यावर चामखिळीसारखे उंचवटे, चरबीच्या गाठी, पाळीत जास्त रक्तस्राव. चाचणी करायची ठरली तर तिच्यात डिलीशन-डुप्लिकेशन, म्हणजे जनुकाचा तुकडा गळालाय किंवा दुप्पट झालाय का, हेही बघणार का ते विचारा. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर साध्या वाचनात तो सुटू शकतो. दोष निघाला तर मुलांमध्ये तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून त्यांचीही डोकी मोजून ठेवा.

आणखी एक, तुमचं नाही पण वाचणाऱ्या कुणाचं असेल म्हणून. मोठेपणी टोपी किंवा चष्मा नव्याने घट्ट होऊ लागला, तर ते वेगळं प्रकरण. अंगठी आणि चपलाही लहान पडत असतील तर वाढीचं संप्रेरक जास्त झालंय का ते बघायला रक्तातलं आयजीएफ-1 तपासतात. हाडं जाड करणाऱ्या पॅजेट आजारासाठी अल्कलाइन फॉस्फेटेज, तीही रक्ताचीच तपासणी. मोठ्या डोक्याबरोबर चाल अडखळणं, लघवीवर ताबा न राहणं आणि विसरभोळेपणा वाढला असेल, तर मेंदूत पाणी साठलंय का ते न्यूरॉलॉजिस्टकडून बघून घ्या. तिथे मात्र एमआरआयला उशीर नको.

ताई, आईचाही घेर याच पद्धतीने मोजा आणि दोघींचे तीन-तीन आकडे उंचीसह इथे टाका. केसपेपरवरचं 57 मात्र पुढच्या भेटीत समोर बसून, पुन्हा टेप लावायला लावूनच खोडून घ्या.