लाल क्रॉसचा एवढा धसका कशाला?

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या ताई लिहितात, “२३ एप्रिलला, इंग्लंडच्या संरक्षक संताच्या म्हणजे सेंट जॉर्जच्या दिवशी, लेकाला लाल-पांढऱ्या कपड्यांत, हातात इंग्लंडचा पांढऱ्यावर लाल क्रॉसचा झेंडा देऊन शाळेत पाठवायचंय. हे म्हणतात, आपण ब्रिटिश झालो, इंग्लिश नव्हे. सासूबाईही नाराज आहेत. मला तर तो झेंडा दिसला की पोटात गोळा येतो.”

ताई, २०२५ च्या उन्हाळ्यात रस्त्यारस्त्यांवर खांबाखांबाला तो झेंडा लटकला तेव्हा बिचकायला झालं, हे खरंच. पण झेंडा कुठे लावलाय ते आधी बघावं. चर्चच्या मनोऱ्यावर किंवा वर्ल्डकपच्या दिवसांत पबवर असेल, तर खुशाल पुढे चला. मशिदीच्या दारासमोर मुद्दाम आणून लावला असेल, तर तुमची शंका रास्त आहे. शाळेतल्या कार्यक्रमाला मात्र ती चिकटवू नका.

यजमानांचं अर्धंच बरोबर. इंग्लंडचा वेगळा पासपोर्ट नसतोच. पण २०२१ च्या जनगणनेत इंग्लिश आणि ब्रिटिश, दोन्हींवर खूण करता येत होती. आमच्या थोरलीने केली, शिवाय ‘इंडियन’ही लिहिलं. कुणी पुरावा मागितला नाही. आणि ज्याच्या नावाने हा दिवस, तो सेंट जॉर्ज परंपरेप्रमाणे आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाचा रोमन शिपाई. इंग्लंडात तो कधी आलाच नाही! हे यजमानांना सांगा, पण लेकरासमोर वाद नको.

आता झेंडा नीट करा. प्रमाण ३:५, म्हणजे ३० सेंटिमीटर उंच, ५० लांब. लाल पट्टी उंचीच्या पाचव्या हिश्शाची, ६ सेंटिमीटर. पट्ट्या चारही कडांना भिडायला हव्यात. मुलं घाईत त्या तोकड्या ठेवतात, मग तो प्रथमोपचाराच्या पेटीवरचा क्रॉस दिसतो. युनियन जॅक, म्हणजे सगळ्या ब्रिटनचा झेंडा, देऊ नका, त्यात स्कॉटलंड-आयर्लंडचेही क्रॉस आहेत. पुढे कधी तो लावलात तर काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरक्या लाल पट्टीच्या वर रुंद पांढरी पट्टी हवी, नाहीतर झेंडा उलटा होतो. नवा लाल टी-शर्ट आधी वेगळा धुवा. पांढऱ्यासोबत टाकलात तर सगळं गुलाबी. कपडे जमलेच नाहीत, तर छातीवर लाल गुलाब लावा, तीही इथली जुनी रीत आहे.

क्रिकेटमध्ये कुणाची बाजू घ्यायची, हे लेकाला ठरवू द्या. सासूबाईंची नाराजी १५ ऑगस्टच्या एका फोनने निवळेल.

आणि हो, २३ एप्रिलला सुट्टी नसते. डबा नेहमीसारखाच द्यायचा आहे.