तळ्याचं पाणी चहासारखं दिसतं, क्लोरीन टाकून चालेल का?

प्रश्न: पावसाळा संपला की आमच्याकडच्या तळ्याचं पाणी काठाला फिक्या चहासारखं होतं, झाडं खूप आहेत, पानं पडतात. पण आगरवाड्याच्या मिठागरात बघितलं तर पाणी एकदम निवळ. मिठाने पाणी साफ होतं काय? आणि आमचं पाणी क्लोरीन टाकून प्यायलं तर?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: रंग बहुतेक पानांचाच. पानं, साल, गवत कुजताना टॅनिन आणि ह्युमिक आम्लं पाण्यात उतरतात, इतकी बारीक की ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतूनसुद्धा आरामात निघून जातात. बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवून बघा, माती तळाला बसेल, पिवळटपणा तसाच. हे पदार्थ निळा प्रकाश शोषून घेतात म्हणून पाणी पिवळं-तपकिरी दिसतं. घाण वास किंवा हिरवा तवंग असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

मिठागरात येतं ते भरतीचं पाणी, त्यात पानांचा अंश मुळातच कमी. शिवाय नदीचं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं तिथे ह्युमिकचा थोडा भाग लोखंडासकट गुठळ्या होऊन खाली बसतो, पण थोडाच, तेव्हा मिठाला फार श्रेय देऊ नका.

आणि निवळ दिसतं म्हणजे सेंद्रिय पदार्थ कमी, असंही नाही हां. ज्या खाऱ्या तळ्यांना बाहेर वाटच नाही तिथलं पाणी वाफ होऊन जातं नि हे पदार्थ मागे साचत राहतात. गोड्या तळ्यात लिटरमागे साधारण २ ते १० मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन सापडतो, अशा खाऱ्या तळ्यांत कुठे कुठे १०० च्याही वर! तरी रंग फिका, कारण वर्षानुवर्षं ऊन लागून रंग देणारे रेणू तुटतात आणि उरतं ते बॅक्टेरियांनाही सहजी पचत नाही. (लोणार जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं ते यातलं नव्हे, तो रंग जिवंत सूक्ष्मजीवांचा होता.)

आता क्लोरीन. अशा पाण्यात थेट टाकू नका. बराचसा क्लोरीन या सेंद्रिय पदार्थातच खर्च होतो, जंतू मारायला कमी उरतो, वर क्लोरोफॉर्मसारखी नको ती रसायनं तयार होतात. म्हणून तर पाणी प्रकल्पात आधी तुरटी, मग गाळणी आणि क्लोरीन बहुतेक शेवटी. उकळलंत तर जंतू मरतील, रंग जाणार नाही. कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) घाला खुशाल, प्यायला नळाचंच बरं.