गाईड नंतर, आधी रंगसूचना

एम.ए.ला आधुनिक इंग्रजी नाटक घेतलंयस ना, मग पहिला महिनाभर गाईडला हात लावू नकोस. मी लावला होता. ‘अँग्री यंग मॅन’वर, म्हणजे या नाटकांतल्या चिडलेल्या तरुण नायकावर, चार पानं घडाघडा लिहिली, आणि नाटक वाचलेलंच नव्हतं!

ऑस्बॉर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ (१९५६) घे. नायक जिमीच्या लांबलचक भाषणांकडे सगळेच बघतात. तू इस्त्रीकडे बघ. पडदा उघडतो तेव्हा रविवारची संध्याकाळ, दोघे पुरुष पेपरात डोकं खुपसून बसलेत आणि जिमीची बायको ॲलिसन इस्त्री करतेय. तिसऱ्या अंकात पुन्हा रविवार, पुन्हा पेपर, पण इस्त्रीला ॲलिसनची मैत्रीण हेलेना. बाई बदलली, घर तसंच. हे सगळं रंगसूचनांत, म्हणजे संवादांखेरीज लेखक रंगमंचावरचं जे लिहितो त्यात आहे, आणि घाईत आपण नेमक्या त्याच गाळतो.

हॅरॉल्ड पिंटरची नाटकं एकटीने वाचू नकोस. मैत्रिणीला समोर बसव आणि ‘पॉज’ लिहिलंय तिथे खरंच थांबा. आधी हसू येईल, मग अस्वस्थ व्हाल. नाही कळलं तर बिघडत नाही. १९५८मध्ये त्याचंच ‘द बर्थडे पार्टी’ लंडनमध्ये आठवडाभरात बंद पडलं होतं.

शॉचं ‘पिग्मॅलियन’ वाचशील तेव्हा मात्र शेजारी त्याचंच मराठी रूपांतर, पुलंची ‘ती फुलराणी’ ठेव.