तिच्या कामाची चौकशी तिच्याकडेच करा

नाशिकरोडला राहणारे आणि एका सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक वडील लिहितात: ‘माझी मुलगी नाशिकमधूनच संगणक अभियांत्रिकीची पदवीधर झाली आणि दीड वर्षापासून हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत नोकरीला आहे. तिची निवड जावा या संगणकभाषेसाठी झाली होती. आता मात्र तिला एका परदेशी बँकेची जावा अ‍ॅप्लिकेशन्स मेनफ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरच्या, व्यवहारप्रणालीला जोडण्याचे काम दिले आहे. मेनफ्रेम म्हणजे भंगार, असे आमच्या नात्यातला बेंगळुरूचा मुलगा सांगतो. मी तिच्या मॅनेजरशी फोनवर बोललो, पण उपयोग झाला नाही. कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये डेटा सायन्सच्या सहा महिन्यांच्या कोर्सची फी मी भरून ठेवली आहे. ते नको असेल तर तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. ती ऐकत नाही. आपण तिला समजावून सांगावे.’

सप्रेम नमस्कार.

आपण मेनफ्रेमविषयी विचारले आहे आणि त्याचे उत्तर मी देणार आहे; परंतु आपल्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती त्या फोनची. नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलीच्या वरिष्ठांचा नंबर मिळवून, तिला न विचारता, ‘हिला चांगल्या प्रोजेक्टवर घ्या’ असे आपण त्यांना सांगितले आणि पत्रात ही गोष्ट एका ओळीत उरकली. आपण शाखाधिकारी होता. आपल्या शाखेतल्या एखाद्या लिपिकाच्या वडिलांनी आपल्याला असा फोन केला असता, तर त्या लिपिकाकडे दुसऱ्या दिवशी आपण कोणत्या नजरेने पाहिले असते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. यापुढे तिला चांगले काम मिळाले तरी ते वडिलांच्या शब्दामुळे मिळाले असे कोणीतरी म्हणेल, आणि तिने एखाद्या कामाला नकार दिला तर तो तिचा की घरचा, अशी शंका घेतली जाईल. फोन होऊन गेला, तो परत घेता येणार नाही. परंतु तो चुकीचा होता एवढे आपण तिला स्पष्ट शब्दांत सांगू शकता, आणि सांगावे असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, चार पानांच्या या पत्रात तिचे दहावी-बारावीचे गुण आहेत, नात्यातल्या मुलाचा पगार आहे, क्लासच्या जाहिरातीतला मजकूर आहे; तिचे स्वतःचे म्हणणे मात्र कोठेही नाही. अपवाद फक्त तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या एका निरोपाचा, जो आपण काम किती क्षुल्लक आहे याचा पुरावा म्हणून उतरवून दिला आहे: ‘बाबा, तीन दिवस रकमा चुकत होत्या, आज सापडलं. पाच बाइटच्या आकड्याला मधला प्रोग्राम अक्षरं समजून बदलत होता. आज शांत झोप लागेल.’ त्याखाली आपली टीप आहे: ‘पाच बाइटसाठी तीन दिवस! हे इंजिनिअरचे काम आहे का?’

हे इंजिनिअरचेच काम आहे, आणि आपण आयुष्यभर खातेवह्या सांभाळल्या असल्यामुळे ते आपल्याला सहज समजेल. मेनफ्रेमवर अक्षरे ‘एब्सिडिक’ नावाच्या संकेतपद्धतीत साठवली जातात आणि जावा युनिकोड वापरते. सोळाच्या पायावरील अंकलेखनात इंग्रजी मोठा ‘ए’ एका बाजूला ‘सी१’ असतो, तर दुसऱ्या बाजूला ‘४१’. म्हणून खातेदाराचे नाव इकडून तिकडे जाताना त्याचे रूपांतर करावेच लागते. रकमेचे तसे नसते. कोबोल या मेनफ्रेमवरच्या जुन्या संगणकभाषेत रकमा बहुधा ‘कॉम्प-३’ या बांधीव दशमान पद्धतीत ठेवतात: एका बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या एका लहानशा घरात, दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. नऊ अंकी क्षेत्रातली १२,३४५.६७ ही रक्कम ‘०० १२ ३४ ५६ ७सी’ अशी बरोबर पाच बाइटमध्ये बसते. शेवटचा ‘सी’ म्हणजे अधिक, तेथे ‘डी’ असता तर उणे. दशांशचिन्ह त्यात साठवलेलेच नसते. ते कोठे आहे हे फक्त कॉपीबुकात, म्हणजे त्या नोंदीचा आराखडा सांगणाऱ्या कोबोलच्या मजकुरात, लिहिलेले असते. आता मधल्या एखाद्या प्रोग्रामने ही सगळी नोंद मजकूर समजून बदलली, तर एब्सिडिकमध्ये ‘७सी’ म्हणजे ईमेलच्या पत्त्यात येते ते ‘अ‍ॅट’चे चिन्ह असल्यामुळे त्याचे ‘४०’ होते. सातचा चार झाला आणि अधिकचे चिन्ह नाहीसे झाले. मधले बाइटही बिघडतात. जावाच्या बाजूला याची चूक दिसेलच असे नाही. उलट दिशेने असा आकडा कोबोल प्रोग्रामकडे गेला आणि त्याने त्यावर गणित करायला घेतले, की ते ट्रान्झॅक्शन ‘एएसआरए’ असा कोड देऊन तेथेच कोसळते. दिवसअखेर एका रुपयाचा फरक निघाला म्हणून आपण रात्री उशिरापर्यंत शाखेत बसला असाल. आपल्या मुलीने तीन दिवस बसून तोच फरक शोधला, तोही अशा ठिकाणी जेथे दोन्ही बाजूंची माणसे ‘आमचे बरोबर आहे’ असे म्हणत असतात आणि आपापल्या परीने ते खरेही असते.

आता ज्या गैरसमजावर आपले सगळे पत्र उभे आहे, त्याकडे येतो. जुने म्हणजे बंद पडलेले, असे आपण आणि आपला तो नातेवाईक धरून चालला आहात. आयबीएमने सिस्टिम/३६० हे यंत्र १९६४ साली जाहीर केले आणि सीआयसीएस ही व्यवहारप्रणाली १९६९ साली बाजारात आणली, ही नावे जुनी आहेत यात वाद नाही. परंतु त्याच वंशाचे झेड१७ हे यंत्र एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले आहे आणि त्यावर आजची जावाही चालते, इतकेच नव्हे तर सीआयसीएसच्या आतसुद्धा चालते. मोठ्या बँका आणि विमा कंपन्या कोबोलमधले प्रोग्राम फेकून देत नाहीत, कारण व्याज कसे आकारायचे, कोणत्या खात्याला कोणता अपवाद लागू आहे, असे अनेक दशकांत साठलेले नियम त्या प्रोग्राममध्ये आहेत आणि पुष्कळदा ते दुसरीकडे कोठेही नीट लिहून ठेवलेले नाहीत. ग्राहकाला मात्र मोबाइलवर शिल्लक पाहायची असते. तो मोबाइल आणि तो कोबोल प्रोग्राम यांच्यामधला जो पूल आहे, तेथे आपली मुलगी काम करते. म्हणजे तिची जावा सुटलेली नाही. ती जावाच्याच बाजूला उभी राहून पलीकडची भाषा समजून घेते आहे. दोन्ही बाजू समजणारी माणसे थोडी असतात, कारण नवे शिकून आलेल्यांना पलीकडे पाहायचे नसते आणि पलीकडचे अनुभवी लोक निवृत्तीकडे आलेले असतात.

या पुलाचेही प्रकार आहेत. सीआयसीएस ट्रान्झॅक्शन गेटवेमार्फत जावामधून थेट कोबोल प्रोग्रामला हाक मारता येते. त्यासाठी जावाच्या जगात २००१ साली ठरलेले कनेक्टर आर्किटेक्चर हे जोडणीचे मानक वापरतात. एमक्यू या निरोप पोहोचवणाऱ्या प्रणालीच्या रांगेत निरोप ठेवून उत्तराची वाट पाहता येते. झेड/ओएस कनेक्टच्या साहाय्याने जुन्या प्रोग्रामला आजच्या एपीआयचे, म्हणजे इतर प्रोग्रामना सहज हाक मारता येईल अशा जोडणीचे, रूपही देता येते. पण यांतले कोणतेही साधन निवडले तरी खरे प्रश्न सुटत नाहीत, ते माणसालाच सोडवावे लागतात. माहिती नेण्याच्या जुन्या पद्धतीत, ज्याला कॉमएरिया म्हणतात, एका खेपेला ३२ केबीची मर्यादा असते. ग्राहकाचे सगळे व्यवहार एकदम मागितले तर ते त्यात बसत नाहीत, आणि मग चॅनेल-कंटेनरची पुढची पद्धत वापरायची की माहिती तुकड्यांत मागवायची, हे ठरवावे लागते. त्याहून अवघड प्रश्न वेळ संपण्याचा आहे. जावाने रक्कम वळती करण्याची विनंती पाठवली आणि ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही, तर पलीकडे रक्कम वळती झाली की नाही? उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही. डोळे मिटून विनंती पुन्हा पाठवली तर ग्राहकाच्या खात्यातून पैसे दोनदा जातील. म्हणून प्रत्येक विनंतीला वेगळा संदर्भ क्रमांक देऊन पलीकडे तो तपासावा लागतो, किंवा दोन्ही बाजूंनी आधी ‘तयार’ म्हणायचे आणि मगच नोंद पक्की करायची, अशा दोन टप्प्यांच्या पद्धतीने व्यवहार बांधावा लागतो. हा विचार ज्याला जमला, तो उद्या मेनफ्रेम सोडून कोठेही गेला तरी त्याचा उपयोग होतो, कारण पैसा जेथे जेथे दोन प्रणालींमधून वाहतो तेथे तेथे हाच प्रश्न उभा राहतो.

या क्षेत्राच्या उणिवा मी आपल्यापासून लपवणार नाही. अशा नोकऱ्या मोजक्या शहरांत आहेत: पुणे, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अभियंत्यांना काम मिळते, ओझरला विमाने बनतात, पण परदेशी बँकांच्या मेनफ्रेमचे काम नाशिकमध्ये बसून मिळवणे आज कठीण आहे. दुसरे असे की, या प्रकल्पांत काही जण वर्षानुवर्षे फक्त तक्रारींची तिकिटे बंद करत राहतात आणि शिकत काहीच नाहीत. आपल्या मुलीने एकच कसोटी लावावी: वर्षभरानंतर तिला एखादे कॉपीबुक वाचून त्याची जावातली बाजू स्वतः लिहिता येते का, आणि पलीकडच्या संघाबरोबर बसून एखादा व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडता येतो का. येत नसेल, आणि मागूनही तसे काम मिळत नसेल, तर तिने खुशाल दुसरा प्रकल्प मागावा. तोही तिने स्वतः मागावा. दरम्यान आयबीएमच्या ‘झेड एक्सप्लोअर’वर तिला खऱ्या मेनफ्रेमवर विनामूल्य सराव करता येईल. कार्यालयात पलीकडची बाजू पाहण्याची परवानगी मिळायला वेळ लागतो, तोवर याचा चांगला उपयोग होतो.

डेटा सायन्स हा विषय चांगला आहे, आणि तिला तो मनापासून हवा असेल तर नोकरी करत शनिवार-रविवारी शिकता येईल. हातची नोकरी सोडून, दुसऱ्याने निवडलेल्या क्लासचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेणे, हा सल्ला मी कोणत्याही विद्यार्थ्याला देणार नाही. बँकेच्या परीक्षांविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की, त्या ज्याला द्यायच्या आहेत त्याने द्याव्यात.

आपल्या पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे, जे आपण बहुधा सहज लिहून गेलात: ‘हिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून घर खायला उठते, मुलगी जवळ असती तर बरे झाले असते.’ मला वाटते, आपल्याला खरोखर जे म्हणायचे आहे ते हेच आहे. आई आजारी आहे, वडील थकले आहेत, मुलगी जवळ असावी, ही इच्छा अत्यंत स्वाभाविक आहे आणि तिच्यात लपवण्यासारखे काही नाही. पण ती इच्छा मेनफ्रेमच्या, भंगाराच्या, नात्यातल्या मुलाच्या पगाराच्या आड ठेवून मांडली, की मुलीला एवढेच ऐकू येते की माझे काम बाबांना तुच्छ वाटते. ती त्या आरोपाला उत्तर देत बसते, आणि जे तिने ऐकावे असे आपल्याला वाटते ते तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. सुट्टीत ती पुण्याहून घरी येईल तेव्हा कामाविषयीचा वाद बाजूला ठेवा आणि तिला सरळ सांगा की आम्हाला तुझी गरज भासते आहे. मग त्यावर उपाय शोधता येतील. आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याची मुभा कंपनी देते का, आईच्या व्यायामासाठी सकाळी कोणी बाई ठेवता येईल का, काही महिने आपण दोघांनी पुण्यात राहणे जमेल का, हे प्रश्न तिघांनी मिळून सोडवायचे आहेत, आणि त्यांतल्या एकाचेही उत्तर राजीनामा हे नाही.

क्लासचे वर्ग सुरू झाले नसतील तर फी परत मिळते का, याची चौकशी याच आठवड्यात लेखी करा. पावती जपून ठेवा. आपण सांगितले तसे तिला समजावण्याचे काम मी करणार नाही. तिला स्वतःला काही विचारावेसे वाटले तर तिने जरूर लिहावे, आणि लिहिताना सध्या ती कोणता पूल वापरते, कोबोलचा मजकूर तिला वाचायला मिळतो का, आणि पुढील दोन वर्षांत तिला कोणत्या शहरात राहायचे आहे, हे तीन मुद्दे अवश्य कळवावेत.